आठ सेनापती, एक मतदान : आर्गिनुसायच्या विजेत्यांचा खटला

इ.स.पू. ४०६ च्या उन्हाळ्यात अथेन्सच्या आरमाराने आर्गिनुसाय बेटांजवळ स्पार्टाचा दणदणीत पराभव केला. ग्रीकांनी ग्रीकांविरुद्ध लढलेली तोवरची ती सर्वांत मोठी सागरी लढाई, असं जुने इतिहासकार सांगतात. शरद ऋतू सरायच्या आत ती लढाई जिंकून देणाऱ्या आठ सेनापतींना अथेन्सने देहदंड ठोठावला. दोघे मायदेशी परतलेच नव्हते, म्हणून वाचले. परतलेले सहाजण मारले गेले.

हे प्रकरण बहुतेक वेळा दोन वाक्यांत उरकलं जातं. जमाव पिसाळला आणि एकटा सॉक्रेटिस ठाम राहिला, एवढंच. यात खोटं काही नाही, पण या दोन वाक्यांच्या मधलं सगळं गळून जातं आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. लोक पहिल्या दिवशी पिसाळलेले नव्हते. ते ऐकून घेत होते, सेनापतींच्या बाजूला झुकतही होते. त्यांचा राग रास्त होता आणि त्यांनी विचारलेला प्रश्नही रास्त होता. अन्याय घुसला तो खटल्याच्या पद्धतीतून : आठ माणसांनी वेगवेगळं काय केलं हे न तपासता सगळ्यांसाठी मिळून एकच मत मागितलं गेलं, तिथून.

वेढ्यातलं आरमार

पेलोपोनेशियन युद्ध सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. ४३० च्या साथीत शहराने असंख्य माणसं गमावली. ४१३ मध्ये सिसिलीच्या स्वारीत आरमार आणि सैन्य दोन्ही गेलं. ४११ मध्ये चारशे जणांच्या गटाने लोकशाही मोडून काही महिने सत्ता बळकावली. लोकशाही पुन्हा उभी राहिली खरी, पण ‘आपल्यातलेच कुणीतरी आपल्याला विकतील’ हा संशय अथेन्सच्या हाडामांसात मुरला. त्यात स्पार्टाला इराणी राजपुत्र सायरसचा पैसा मिळू लागला. स्पार्टाच्या वल्हेकऱ्यांचा रोज तीन ओबोलवरून (ओबोल म्हणजे छोटं नाणं) चार ओबोलवर गेला, आणि जास्त पगार जिकडे तिकडे वल्हेकरी, हे भूमध्य समुद्रात सगळ्यांना ठाऊक होतं.

नोशनजवळच्या पराभवानंतर अथेन्सचा सेनापती अल्सिबायडीस याच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला आणि दहा नवे सेनापती निवडले गेले. अथेन्समध्ये बहुतेक पदं चिठ्ठी टाकून भरली जात. सेनापतींची मात्र निवडणूक होई, दरवर्षी, आणि त्यांना आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागे. या दहांपैकी कोनोन सत्तर नौका घेऊन लेस्बॉसच्या किनाऱ्याकडे होता. स्पार्टाचा नौदलप्रमुख कॅलिक्रॅटिडस १७० नौकांनिशी त्याच्या मागे लागला. ‘समुद्राशी चाललेला तुझा व्यभिचार मी थांबवतो’ असा निरोप त्याने कोनोनला धाडला होता. कोनोनच्या तीस नौका गेल्या आणि उरलेल्या चाळीस मिटिलीनीच्या बंदरात कोंडल्या गेल्या. वेढा फोडून दोन नौका निसटल्या. त्यातली एक पकडली गेली, दुसरीने अथेन्स गाठून बातमी दिली.

पुढच्या तीस दिवसांत अथेन्सने जे केलं त्याला तोड नाही. विजयदेवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली गेली. ११० नौका सज्ज झाल्या. एका ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगांच्या युद्धनौकेवर, सुमारे दोनशे माणसं लागतात, म्हणजे बावीस हजारांच्या आसपास. वल्ही मारू शकेल असा प्रत्येक पुरुष चढला, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र. एरवी घोड्यावरून लढणारे श्रीमंत घरचे तरुणही वल्ह्यावर बसले. सामोस आणि इतर मित्रराज्यांच्या नौका मिळून संख्या दीडशेच्या वर गेली. पुढे या लढाईत वल्ही मारणाऱ्या गुलामांना शहराने स्वातंत्र्य आणि नागरिकत्व दिलं. हे सगळं ध्यानात घेतल्याशिवाय नंतरचा राग कळत नाही. जी माणसं समुद्रात राहिली, ती शहराने आपल्याकडे उरलेलं शेवटचं बळ म्हणून पाठवली होती.

लढाई आणि वादळ

आर्गिनुसाय ही लेस्बॉस आणि आशियाचा किनारा यांच्या मधली छोटी बेटं, आजच्या तुर्कस्तानाच्या हद्दीत. कॅलिक्रॅटिडसने पन्नास नौका इटिओनिकसच्या हाताखाली मिटिलीनीच्या वेढ्यावर ठेवल्या आणि १२० घेऊन तो आला. अथेन्सचे वल्हेकरी घाईने जमवलेले, कमी सरावाचे. त्यामुळे सेनापतींनी नौकांच्या दुहेरी रांगा केल्या, म्हणजे शत्रूला मधून घुसून मागून वळता येऊ नये. कॅलिक्रॅटिडसच्या तांडेलाने त्याला माघारीचा सल्ला दिला. ‘मी मेलो तर स्पार्टाचं काही बिघडत नाही, पळणं मात्र लाजिरवाणं’ असं म्हणून तो पुढे गेला. धडक देताना समुद्रात पडला आणि मेला. स्पार्टाच्या स्वतःच्या दहापैकी नऊ नौका बुडाल्या, तिच्या मित्रांच्या साठाहून अधिक.

अथेन्सच्या बाजूच्या पंचवीस नौका गेल्या. पूर्ण माणसं धरली तर पाच हजार. थोडे लोक पोहत किनाऱ्याला लागले. उरलेल्यांपैकी अनेकजण लढाई संपली तेव्हा फुटक्या सांगाड्यांना धरून अजून जिवंत होते.

तिथेच सेनापतींची बैठक झाली, आणि सगळं प्रकरण फिरतं ते या बैठकीभोवती. डायोमेडॉनचं म्हणणं होतं की सगळ्या नौकांनी रांगेने जाऊन बुडणाऱ्यांना उचलावं. एरासिनिडीसचं म्हणणं होतं की सगळ्यांनी ताबडतोब मिटिलीनीवर चालून जावं, नाहीतर पन्नास शत्रुनौका हातातून जातील. थ्रासिलसने मधला मार्ग काढला : काही नौका बचावासाठी ठेवू, उरलेल्या मिटिलीनीला नेऊ. हे मान्य झालं. आठही सेनापतींनी आपापल्या तुकडीतल्या तीन-तीन नौका दिल्या, शिवाय दलप्रमुखांच्या दहा, सामोसच्या दहा आणि आणखी तीन. एकूण सत्तेचाळीस. त्यांच्यावर थेरामिनीस आणि थ्रासिब्युलस यांच्यासारखे अनुभवी कप्तान नेमले. दोघेही याआधी सेनापती राहिलेले, नवखे कुणीच नव्हते.

मग वादळ आलं. बचावाच्या नौका हलू शकल्या नाहीत आणि मिटिलीनीकडेही कुणी जाऊ शकलं नाही. तिकडे इटिओनिकसने पराभवाची बातमी आणणाऱ्या होडीला गुपचूप परत पाठवलं. ‘हार घालून, जयघोष करत पुन्हा आत या’ अशी सूचना दिली, विजयाचे यज्ञ केले आणि सैन्य न घाबरता सुखरूप हलवलं. म्हणजे ज्या मोहिमेसाठी बुडणाऱ्यांना मागे ठेवलं, तीही हुकली. पाण्यातली माणसं मेली. त्यांची प्रेतंही हाती आली नाहीत, आणि ग्रीक घरात उत्तरक्रियेविना राहिलेला मृतदेह ही किती मोठी जखम होती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बैठकीतली ही तीन मतं मी मुद्दाम तपशिलात दिली. सर्व नौकांनी बचावाला जावं म्हणणारा डायोमेडॉन आणि सर्व नौकांनी शत्रूवर जावं म्हणणारा एरासिनिडीस यांना पुढे एकाच मताने एकच शिक्षा झाली. आठांपैकी एका सेनापतीची तर स्वतःचीच नौका बुडाली होती, तो नशिबाने तगला. ज्याला स्वतःला वाचवायला कुणीतरी यायला हवं होतं, त्यालाही ‘वाचवलं नाही’ म्हणून मरण मिळालं.

पत्र

सेनापतींनी अथेन्सला अहवाल पाठवायचं ठरवलं. काहींना त्यात लिहायचं होतं की बचावाचं काम सत्तेचाळीस नौका देऊन थेरामिनीस आणि थ्रासिब्युलस यांच्याकडे सोपवलं होतं. पेरिक्लिस (त्याच नावाच्या प्रसिद्ध नेत्याचा मुलगा) आणि डायोमेडॉन यांनी सहकाऱ्यांना अडवलं. त्या दोघांना कशाला अडचणीत आणा, वादळ आलं एवढंच लिहू. पत्रात फक्त वादळ गेलं.

हा चांगुलपणा होता असं मला मनापासून वाटतं, आणि तोच त्यांना भोवला. कामाची साखळी कागदावर असती, तर कोणाच्या हाती कधी काय होतं हा प्रश्न वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळा विचारता आला असता. ती पुसली गेल्यावर उरलं ते ‘सेनापती’ नावाचं एकसंध झाकोळलेलं चित्र, आणि त्याला एकसंध शिक्षा मागणं सोपं झालं.

इथे दोन इतिहासकारांचं पटत नाही. वर दिलेली हकीकत झेनोफनची. तो अथेन्सचा, या घटनेच्या वेळी तरुण, आणि लोकशाहीबद्दल फारसा जिव्हाळा नसलेला. सिसिलीचा डायोडोरस इ.स.पू. पहिल्या शतकात लिहितो. त्याच्या मते थेरामिनीस आणि थ्रासिब्युलस आधी घरी पोहोचले, आपल्याविरुद्ध त्यांनीच लोकांचे कान भरले असं सेनापतींना वाटलं, म्हणून सेनापतींनी पत्रांतून त्यांच्यावर बोट ठेवलं. मग थेरामिनीस उलटला. थेरामिनीसने पुढे आपल्या अखेरच्या भाषणातही हेच सांगितलं, की सुरुवात मी केली नाही, आरोप त्यांनी माझ्यावर आधी केले. आणि हे भाषण झेनोफनच नोंदवतो. मला दोन्ही हकीकतींमधला समान धागा पुरेसा वाटतो : दोन्ही गटांना कळलं होतं की कुणालातरी जबाबदार धरलं जाणार, आणि थेरामिनीसने ठरवलं की तो आपण असणार नाही.

पहिली सभा

कोनोन वेढ्यात अडकलेला असल्याने या आरोपातून सुटला. लढाईत असलेल्या आठांना पदावरून काढून परत बोलावलं. प्रोटोमॅकस आणि अरिस्टोजेनीस या दोघांनी धोका ओळखला आणि ते आलेच नाहीत. सहाजण आले : पेरिक्लिस, डायोमेडॉन, लिसियास, अरिस्टोक्रेटीस, थ्रासिलस, एरासिनिडीस. सुरुवात एरासिनिडीसपासून झाली. आर्केडेमस नावाच्या लोकनेत्याने त्याच्यावर सरकारी पैसा दाबल्याचा आरोप ठेवला आणि न्यायालयाने त्याला तुरुंगात टाकलं. मग पाचशे जणांच्या मंडळासमोर इतरांनी लढाईचं निवेदन केलं. तेव्हा टिमोक्रेटीसच्या ठरावावरून सगळ्यांनाच बेड्या पडल्या आणि प्रकरण नागरिकसभेकडे गेलं.

सभेत थेरामिनीसने तेच पत्र वाचून दाखवलं. पाहा, यांनी दुसऱ्या कुणावर ठपका ठेवलेला नाही, म्हणजे जबाबदार हेच. सेनापतींना कायद्याने मिळायला हवा तेवढा वेळ बोलायला मिळाला नाही. तरी ते जे बोलले ते मोठ्या मनाचं होतं. काम या दोघांवर सोपवलं होतं हे आता त्यांनी सांगितलं, पण पुढे हेही म्हटलं की ते आमच्यावर आरोप करतात म्हणून आम्ही खोटं बोलून त्यांना दोषी ठरवणार नाही, दोष वादळाचाच होता. तांडेल आणि नौकांवरचे कितीतरी लोक साक्षीला उभे राहिले.

लोकांचं मन वळत होतं. अनेक नागरिक सेनापतींना जामीन राहायला उठून उभे राहिले. पण दिवस मावळला होता. हात वर करून मतदान होई आणि अंधारात हात मोजता येईनात. निर्णय पुढच्या सभेवर गेला, आणि खटला कसा चालवावा याचा ठराव आणायचं काम पाचशेंच्या मंडळाकडे दिलं.

आणखी एक तास उजेड राहता तर सहाजण त्या रात्री बहुधा घरी झोपले असते. पण लांबणीपेक्षा घातक ठरला तो दुसरा भाग : ‘कसा चालवावा’ हा प्रश्न उघडा ठेवला गेला. देहान्ताच्या आरोपासाठी अथेन्सकडे कायदे होते, न्यायालयं होती. आरोपी तुरुंगात असताना पद्धत नव्याने ठरवायला निघालं, की ती पद्धत विरोधकांच्या हाती पडायला वेळ लागत नाही.

अपातुरिया

दोन सभांच्या मधे अपातुरियाचा सण आला. तीन दिवसांचा हा सण नातलगांचा. भावकी एकत्र येते, मुलांची नावं कुळाच्या यादीत नोंदवली जातात. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या पंगतीत कुणीतरी कमी होतं. शोकाला याहून तीव्र मुहूर्त मिळाला नसता.

झेनोफन म्हणतो, थेरामिनीसच्या माणसांनी काळे कपडे घातलेले, केस कापलेले लोक सभेसाठी उभे केले, जणू ते मृतांचे नातलग. डायोडोरसच्या हकीकतीत ते खरेच नातलग आहेत. माझा कौल इथे डायोडोरसकडे आहे. हजारोंनी माणसं मेलेल्या शहरात शोकाकुल लोक भाड्याने आणायची काय गरज? त्यांचं दुःख खरं होतं आणि कुणीतरी ते कामाला लावलं, इतकंच म्हणणं पुरे आहे. याच काळात कॅलिक्सेनस नावाच्या मंडळाच्या सदस्याला पुढे केलं गेलं आणि त्याचा ठराव मंडळाने मंजूर केला.

ठराव असा : मागच्या सभेत आरोपही ऐकले, बचावही ऐकला, तेव्हा आता सगळ्या अथेन्सवासीयांनी आपापल्या गणाप्रमाणे (गण म्हणजे नागरिकांच्या दहा गटांपैकी एक) मत द्यावं. प्रत्येक गणासाठी दोन घडे ठेवावेत. सेनापती दोषी वाटतात त्यांनी मत पहिल्या घड्यात टाकावं, वाटत नाहीत त्यांनी दुसऱ्यात. दोषी ठरले तर मृत्यू, मालमत्ता जप्त, तिचा दशांश देवीला.

उलटतपासणी नाही, नवा बचाव नाही, आणि आठांसाठी घड्यात एकच खडा. या मंडळाचं कामच असे ठराव आधी तपासून सभेपुढे आणायचं होतं. पाचशे माणसांच्या हातून हा ठराव सुटला याचा दोष मी जमावाच्या माथी मारू शकत नाही.

दुसरी सभा

सभा सुरू झाल्यावर एक माणूस पुढे आला. पिठाच्या पिंपाला धरून आपण वाचलो, आणि बुडणाऱ्यांनी आपल्याला सांगितलं होतं की जगलास तर लोकांना सांग, देशासाठी सर्वोत्तम लढलेल्यांना सेनापतींनी उचललं नाही. यानंतर सभेच्या त्या टेकडीवर काय वातावरण झालं असेल!

पेसियानाक्सचा मुलगा युरिप्टोलेमस आणि आणखी काहीजण उठले आणि ठराव बेकायदा आहे असा रीतसर दावा त्यांनी कॅलिक्सेनसवर ठोकला. अथेन्सच्या लोकशाहीतला हा सर्वांत शहाणा उपाय होता. कोणताही नागरिक ठरावाला असं आव्हान देऊ शके, मग न्यायालयाचा निकाल येईपर्यंत ठराव स्थगित. काहींनी टाळ्या वाजवल्या. पण बहुसंख्य ओरडले, की लोकांना हवं ते करू दिलं नाही तर तो घोर अन्याय. लिसिस्कस नावाच्या माणसाने सुचवलं की दावा मागे घेत नाहीत त्यांचाही निवाडा सेनापतींसोबत याच मतदानात लावा. दावा मागे घेतला गेला.

यापुढे अडवू शकत होते ते फक्त सभेचे अध्यक्षमंडळ. पाचशेंमधले एका गणाचे पन्नास सदस्य पाळीपाळीने हे काम करत, आणि त्या दिवशी पाळी अँटिओकिस गणाची होती. त्यातल्या काहींनी बेकायदा ठराव मताला टाकायला नकार दिला. कॅलिक्सेनस पुन्हा मंचावर चढला आणि त्यांच्यावरही तोच आरोप लावला. लोक ओरडू लागले, नकार देणाऱ्यांना कोर्टात खेचा. सगळे घाबरून मान्य झाले. एक झाला नाही : सोफ्रोनिस्कसचा मुलगा सॉक्रेटिस. त्याने म्हटलं, कायद्याविरुद्ध मी काहीही करणार नाही. पण त्याचा एकट्याचा नकार ठराव रोखू शकला नाही, काम पुढे सरकलं.

सॉक्रेटिसचं नाव या प्रसंगामुळे घराघरांत पोहोचलं, ते योग्यच आहे. मला मात्र युरिप्टोलेमसबद्दल जास्त बोलावंसं वाटतं, कारण काही क्षणांपूर्वी ज्याला मृत्यूची धमकी मिळाली होती, तोच माणूस पुन्हा मंचावर चढला. त्याने दया मागितली नाही, आणि हेच त्याच्या भाषणाचं बळ. पेरिक्लिस माझा नातलग, डायोमेडॉन माझा मित्र, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मग पत्रात नावं लिहायला अडवलं याबद्दल त्या दोघांनाच दोष दिला. सेनापतींची बैठक, कुणाचं काय मत होतं, किती नौका कुणी दिल्या, हे सगळं त्याने मोजून मांडलं. आपल्याला आज हे तपशील ठाऊक आहेत ते त्या भाषणामुळे. आणि मग म्हणाला, तुम्हाला कठोर व्हायचं आहे ना? कॅनोनसचा ठराव आहे. त्यानुसार लोकांचं नुकसान करणाऱ्याला बेड्या घालून लोकांपुढे उभं करता येतं आणि दोषी ठरला तर खाईत फेकता येतं. त्याखाली सर्वांत आधी माझ्या नातलगाला, पेरिक्लिसला उभं करा. किंवा देवळं लुटणारे आणि देशद्रोही यांच्यासाठीचा कायदा लावा, त्यात दोषी ठरलेल्याला अटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या, भूमीत दफनही मिळत नाही. पण प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा. एक दिवस द्या. त्याचे तीन भाग करा, आरोपासाठी एक, बचावासाठी एक, मतासाठी एक. मग जे दोषी असतील ते मरतील आणि जे निर्दोष आहेत ते तुमच्या हातून अन्यायाने मरणार नाहीत.

हात वर झाले. पहिल्या मोजणीत युरिप्टोलेमसचा ठराव जिंकला.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. काळे कपडे, पिठाचं पिंप, धमक्या, आरडाओरडा एवढं सगळं झाल्यावरही त्या सभेने आधी वेगवेगळ्या खटल्यांना कौल दिला होता. मेनेक्लीस नावाच्या एकाने शपथेवर हरकत घेतली. पुन्हा हात मोजले गेले. दुसऱ्या खेपेला मंडळाचा ठराव जिंकला. दोन मोजण्यांच्या मधे काय फिरलं, याबद्दल झेनोफन गप्प आहे. हातांच्या मोजणीत फरक थोडा असेल तर मोजणाऱ्याची नजर फार काही ठरवते, एवढं खरं.

घड्यांत खडे पडले. आठही दोषी.

सहाजण

यातला पेरिक्लिस हा त्या थोरल्या पेरिक्लिसचा आणि मिलेटसच्या अस्पासियाचा मुलगा. आई परकी, म्हणून ४५१ मध्ये बापानेच केलेल्या कायद्यानुसार तो नागरिक ठरत नव्हता. बापाचे दोन औरस मुलगे साथीत गेले, तेव्हा लोकांना त्याची दया आली आणि खास ठरावाने याला नागरिकत्व मिळालं. एका ठरावाने दिलेलं सगळं दुसऱ्या ठरावाने परत घेतलं. थ्रासिलस हा तर ४११ मध्ये सामोसवरच्या आरमारात लोकशाहीची बाजू धरून उभा राहिलेल्यांपैकी. त्याला लोकशाहीचा शत्रू म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं.

डायोमेडॉनची एक आठवण डायोडोरसने जपली आहे. नेण्यापूर्वी तो लोकांना म्हणाला की आमच्याबद्दलचा निर्णय शहराला लाभो. विजयासाठी आम्ही रक्षणकर्त्या झ्यूसला, अपोलोला आणि पवित्र देवींना केलेले नवस आता आमच्या हातून फिटणार नाहीत, ते तुम्ही फेडा. सगळ्या नौकांनी बुडणाऱ्यांना वाचवावं असं म्हणणारा तो हाच.

नंतर

लोकांना पश्चात्ताप व्हायला फार वेळ लागला नाही. त्यांची फसवणूक करणाऱ्यांवर खटले भरायचा ठराव झाला, त्यात कॅलिक्सेनस आणि आणखी चौघे होते. खटला उभा राहण्याआधीच शहरातल्या एका दंगलीत ते निसटले. ४०३ मध्ये कॅलिक्सेनस परतला, सगळ्यांच्या तिरस्कारात जगला आणि उपासमारीने मेला.

पुढच्याच वर्षी, ४०५ मध्ये, इगोसपोटमाय इथे स्पार्टाचा सेनानी लायसँडर याने किनाऱ्यावर लागलेलं अथेन्सचं जवळजवळ सगळं आरमार पकडलं. कोनोन मोजक्या नौका घेऊन निसटला. ४०४ मध्ये शहर शरण आलं, भिंती पाडल्या गेल्या. सेनापतींना मारलं म्हणून युद्ध हरलं, असं सरळ सूत्र मी मांडणार नाही. इराणी पैसा आणि लायसँडरचं कसब ही कारणं त्याहून मोठी होती. पण अथेन्सने आपले आठ अनुभवी सेनापती एकदम घालवले आणि त्यांच्या जागी आलेल्यांना एक धडा दिला : अहवालात काय लिहावं आणि काय नाही, याचा विचार स्वतःच्या मानेसाठी करा.

पराभवानंतर स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जुलुमशहा सत्तेवर आले, थेरामिनीस त्यांच्यात सामील झाला. त्यांनी तीन हजार नागरिकांची यादी केली होती आणि यादीतल्या कुणालाही पाचशेंच्या मंडळाच्या मताशिवाय मारायचं नाही असा नियम होता. तीसांचा म्होरक्या क्रिटियास याच्याशी बिनसल्यावर थेरामिनीस आपला बचाव करायला मंडळापुढे उभा राहिला, आणि तो बचाव मंडळाला पटत होता. क्रिटियासने उठून त्याचं नाव यादीतून खोडलं आणि मत न घेता त्याला मृत्युदंड दिला. थेरामिनीस ओरडत राहिला की नाव खोडायचा अधिकार एकट्या क्रिटियासला नाही, असंच तुमच्यापैकी कुणाचंही नाव खोडलं जाईल. तो बरोबर बोलत होता.

४०३ मध्ये लोकशाही परत आली तेव्हा कायदे पुन्हा तपासून लिहिले गेले. त्यात एक नियम असा की मंडळाचा किंवा सभेचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा वरचढ असणार नाही. दुसरा असा की एखाद्या एकट्या व्यक्तीपुरता कायदा करायचा तर निदान सहा हजार नागरिकांनी गुप्त मतदानाने तो मान्य करायला हवा. आर्गिनुसायच्या खटल्यात कॅलिक्सेनसच्या बाजूचे ‘लोकांना हवं ते करू द्या’ असं ओरडले होते, त्याला अथेन्सच्या लोकांनी स्वतःच दिलेलं हे उत्तर मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत आश्वासक पान वाटतं. लोकशाही नको म्हणणाऱ्यांनी नव्हे, लोकशाहीसाठी लढून परतलेल्यांनी ते लिहिलं.

सॉक्रेटिसवर ३९९ मध्ये खटला झाला. त्याच्यावर एकट्यावर आरोप, समोर कायद्याने नेमलेलं न्यायालय, बोलायला ठरलेला वेळ. त्याने न्यायाधीशांना सेनापतींच्या खटल्याची आठवण करून दिली, की तुम्ही बेकायदा वागलात आणि नंतर तुम्हीच ते मान्य केलंत. दोषी ठरल्यावर त्याची एकच तक्रार पद्धतीबद्दल होती : इतर काही ठिकाणी देहान्ताचा खटला एका दिवसात संपवत नाहीत, कित्येक दिवस चालवतात. तसा कायदा इथे असता तर मी तुम्हाला पटवू शकलो असतो, असं तो म्हणाला.